रायचूरची भाकरी

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातला एक प्रसंग मी वर्षानुवर्षं मनात बाळगून आहे. १८७०च्या दशकातला दुष्काळ. अनंतशास्त्री डोंगऱ्यांचं कुटुंब पुराणं सांगत दक्षिणेत तीर्थोतीर्थी भटकत होतं. जवळचं सगळं संपलं होतं. शास्त्रीबुवा उपासमारीने खंगून गेले आणि त्यांच्यामागोमाग रमाबाईंची आई लक्ष्मीबाई रायचूरला आजारी पडली. तापाच्या भरात ती खायला मागत होती. रमा तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. शेजारच्या एका घरी ती बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेली. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या त्या मुलीच्या तोंडून मागण्याचा शब्द काही फुटेना. घरातल्या बाईने तिच्याकडे बघून ओळखलं आणि भाकरी हातावर ठेवली. रमा धावत परत आली, पण आईला घास गिळता आला नाही. दोन-तीन दिवसांत ती गेली. तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मण कळवळून आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथी रमा. तिची उंची कमी पडली, म्हणून तिने तिरडीचं टोक डोक्यावर घेतलं. जायचं होतं तीन मैल.

वीसेक वर्षांनी, १८९६च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तोवर ही रमा ख्रिस्ती झाली होती, विधवा झाली होती, इंग्लंड-अमेरिका पाहून आली होती आणि पुण्यात विधवांसाठी शारदासदन ही शाळा चालवत होती. ती उठली आणि दुष्काळी मुलखात गेली. रस्त्याकडेला पडलेल्या, हाडांचे सापळे झालेल्या मुली-बायका गोळा करून त्यांना घेऊन आली. शेकडो मुली. केडगावला, म्हणजे नगरजवळचं केडगाव नव्हे, पुणे-दौंड रेल्वेवरचं केडगाव, तिथे तिने आधीच जमीन घेतली होती. संत्र्या-आंब्यांची बाग लावून शारदासदनाचा खर्च भागवावा असा बेत होता. त्या बागेच्या जमिनीवर या मुलींचं आश्रयस्थान, मुक्तिसदन, उभं राहिलं. १९००च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या.

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रवचनं करणारे या दोन गोष्टी एका वाक्यात जोडतात. म्हणतात, पाहा, देवाने रमाबाईंना भुकेतून का नेलं? पुढे हजारोंना जेवू घालायचं होतं म्हणून! ऐकणारे माना डोलावतात, मागून कुणी 'आमेन' म्हणतं. लहानपणी मीही डोलावली असेन. आता हे वाक्य माझ्या गळ्याखाली उतरत नाही. कारण ते वाक्य खरं मानलं तर लक्ष्मीबाई डोंगरे कोण ठरते? मुलीचा धडा व्हावा म्हणून उपाशी मेलेली एक बाई? मी ज्या देवाला बाप म्हणते तो एका आईला उपाशी मारून तिच्या मुलीला समाजसेवा शिकवतो, हे मी मानू शकत नाही आणि शुभवर्तमानही मला ते मानायला सांगत नाही.

हे मी माझ्या आईच्या उशाशी बसून शिकले.

आई मिशन दवाखान्यात नर्स होती. सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं. निवृत्तीनंतर काही वर्षांनी तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बोलणं गेलं म्हणजे कसं, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. तिला 'पाणी' म्हणता येत नव्हतं. 'दुखतंय' म्हणता येत नव्हतं. माझं नाव ओठांवर यायचं आणि तिथेच अडायचं. मग तिच्या डोळ्यांत जो संताप उसळायचा तो बघवायचा नाही. पण संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला बसलो आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू केलं की ती आमच्यासोबत स्पष्ट आवाजात शेवटपर्यंत म्हणायची. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' एकही शब्द न अडता. डॉक्टर म्हणाले की असं होतं. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना आणि गाणी मेंदूत निराळ्या वाटेने जपलेली असतात. बरं, कारण कळलं. तरी दर संध्याकाळी माझ्या अंगावर काटा यायचा. देवाकडे भाकर मागू शकणारी माझी आई माझ्याकडे घोटभर पाणी मागू शकत नव्हती.

भेटायला खूप लोक यायचे. आमच्या समाजात आजाऱ्याला भेटायला जायची रीत अजून टिकून आहे आणि ती फार चांगली रीत आहे. सलाम म्हणायचं, खुर्ची ओढून बसायचं, स्तोत्र वाचायचं, प्रार्थना करायची. पण प्रार्थना आणि चहा यांच्या मधल्या वेळात लोक अर्थ सांगू लागायचे. देव ज्याच्यावर प्रीती करतो त्यालाच शिक्षा करतो. सोनं अग्नीतूनच काढतात. सिस्टरांनी एवढी सेवा केली, देव आता त्यांना धीर शिकवतोय. एक नातलग माझ्याकडे वळून म्हणाले, "हा तुझा वधस्तंभ आहे, बेटा. आनंदाने उचल." आई सगळं ऐकत होती. तिची वाचा गेली होती, समज शाबूत होती.

त्या दिवसांत मी बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक पुन्हा वाचलं, अधूनमधून नव्हे, अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत. ईयोब हा मुलंबाळं, संपत्ती, तब्येत, सगळं गमावलेला नीतिमान माणूस. त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, त्याची दशा बघून सात दिवस, सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तिथवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि पानंच्या पानं देवाची बाजू मांडली: तू काहीतरी केलं असशील, देव न्यायी आहे, यातून तुझं भलंच होईल. ईयोब मात्र देवाशी भांडला, ओरडला, जन्मदिवसाला शिव्या दिल्या, जाब विचारला. आणि शेवटी देव कुणाला रागावतो? त्या मित्रांना. तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असं तो म्हणतो. पवित्र शास्त्रातली ही जागा मला फार मोठी वाटते. देवाची वकिली करणारे खोटे ठरले आणि देवाशी भांडणारा खरा.

प्रभू येशूचं वागणंही तसंच आहे. जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? तो म्हणतो, कुणीच नाही. आणि चिखल करून त्याचे डोळे बरे करायला लागतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हाही तो सांगतो की ती माणसं इतरांहून जास्त पापी नव्हती. मेलेल्या मित्राच्या, लाजाराच्या, कबरेपाशी, त्याला आपण उठवणार हे माहीत असताना, येशू रडला. धरला जाण्याआधी गेथशेमाने बागेत तर त्याने सरळ मागणं मागितलं, हा प्याला माझ्यावरून टळू दे. दुःख ही मुळातच चांगली, पवित्र गोष्ट असती तर ती टळावी म्हणून त्याने पालथं पडून विनवणी का केली असती? जिथे जिथे त्याला आजार, भूक, मरण भेटलं तिथे तिथे तो ते हटवायलाच धावला. एकाही कुष्ठरोग्याला त्याने 'हे सहन कर, यात तुझं भलं आहे' असं सांगितलेलं नाही.

मग येशूच्या वधस्तंभाचं काय? हा प्रश्न मी टाळत नाही. आमचा सगळा विश्वासच तिथे टांगलेला आहे. रोमी साम्राज्यात ही गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा होती, माणूस हळूहळू मरावा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ते बघावं म्हणून रचलेली. त्यात सुंदर काही नव्हतं. तिथे जे घडलं त्याचं मोल छळात नाही, छळ होत असतानाही न आटलेल्या प्रीतीत आहे. तो तिथे स्वतःहून गेला, दुसऱ्यांसाठी गेला, आणि जाताना त्याने दुसऱ्या कुणालाही आपल्याऐवजी पुढे केलं नाही. धरायला आलेल्यांना तो म्हणाला, मी तुम्हाला हवा आहे ना, मग ह्यांना जाऊ द्या. त्याग मी यालाच म्हणते. आपल्या वाट्याचं दुःख दुसऱ्यावर न ढकलणं आणि दुसऱ्याच्या वाट्याचं जमेल तेवढं आपल्याकडे ओढून घेणं.

म्हणून 'आपला वधस्तंभ उचल' हे दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार मला कुणालाच द्यायचा नाही. येशूच्या त्या वचनाची सुरुवातच बघा: कोणी माझ्यामागे येऊ पाहत असेल तर. निवड आधी आहे, वधस्तंभ नंतर. नवऱ्याच्या माराने काळीनिळी पडलेली बाई पाळकसाहेबांच्या पडवीत येते आणि तिला हे वचन वाचून परत पाठवलं जातं, असं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. ते वचन तिच्यासाठी नव्हतंच. तिच्या बाजूने उभं राहून समाजाचा रोष ओढवून घ्यायचा होता तो मंडळीने. वधस्तंभ मंडळीचा होता, तो तिच्या पाठीवर दिला गेला.

रमाबाईंनी हे फार लवकर ओळखलं होतं. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनींनी, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती जोगिणींनी, त्यांना लंडनजवळ फुलहॅमचं एक घर पाहायला पाठवलं होतं. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या बायकांसाठीचं घर. त्या बायकांना तिथे कुणी उपदेशाने झोडपत नव्हतं. उठवत होतं, शिकवत होतं, जेवू घालत होतं. असं का, हे विचारल्यावर रमाबाईंना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर एकटी पाण्याला आलेली ती बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा ख्रिस्त. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३चा आहे, आणि त्याच्या मुळाशी ही विहीर आहे. त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडलं. तिथल्या अगदी पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई, पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई. बालविधवेला 'तुझं प्रारब्ध आहे, भोग' असं सांगणाऱ्या समाजात ही बाई शाळा काढत होती. तिने एकाही मुलीला वैधव्यात अर्थ शोध असं म्हटलं नाही, पाटी-पेन्सिल हातात दिली. पुढे केडगावला पतित म्हणून टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन झालं, अंध बायकांची सोय झाली. रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई, तिने त्यांना ब्रेल शिकवली.

इथे आमच्या लोकांचंही थोडं बोलायला हवं. नगर जिल्ह्यातले आम्ही बहुतेक ख्रिस्ती महार-मांगांच्या वस्त्यांतून आलेलो. माझे पणजोबा-पणजी दुष्काळाच्या काळातले. 'धान्यासाठी बाटलेले' हा टोमणा मी शाळेत ऐकला आहे. तेव्हा मला लाज वाटायची. आता वाटत नाही, आणि याचं श्रेय मी रायचूरच्या त्या भाकरीला देते. शास्त्र्याची मुलगी भाकरी मागायला गेली, माझी पणजीही गेली असेल. भूक लागलेल्या माणसाने भाकरीपाशी थांबावं आणि भाकरी देणाऱ्याच्या देवाचं नाव विचारावं, यात खोटं काय आहे? प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर पापक्षमेच्याही आधी येते. गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या माणसांना 'दुःखात पावित्र्य असतं' असं कुणी सांगितलं असतं तर त्यांनी ते ऐकून घ्यायचं कशाला? त्यांना भावला तो वेशीबाहेर मारला गेलेला ख्रिस्त. आपल्यासारखाच बाहेर काढलेला, आणि देवाने उठवलेला.

त्यागाबद्दल मला आणखी एक गोष्ट टोचते. त्याग करणाऱ्याचं नाव होतं, आणि त्याची किंमत पुष्कळदा घरातलं दुसरंच माणूस चुकवतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. जात, नातीगोती, मान, सगळं सोडलं. मोठा त्याग. पण त्या दिवशी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं काय झालं हे त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन ती बाई नवरा असून नसल्यासारखी वर्षं काढत राहिली. तिने काहीही निवडलं नव्हतं. टिळकांचा त्याग तिच्या अंगणात दुःख होऊन पडला. नंतर ती त्यांच्याजवळ राहू लागली, सोवळं-ओवळं तिने स्वतःच्या विचाराने सोडलं, आणि १९०० साली स्वतःच्या पायांनी चालत बाप्तिस्म्याला गेली. टिळक अर्धवट ठेवून गेलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य तिने पुरं केलं. त्या घराच्या इतिहासात मला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंचा प्रवास कठीण वाटतो. तिच्यावर लादलेलं होतं, आणि लादलेल्यातून तिने आपलं असं काही घडवलं. पण म्हणून ते लादणं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, आणि माझ्या वाचनाप्रमाणे तीही कुठे तसं म्हणत नाही.

मनोरमेचंही तेच. बाप मेला तेव्हा ती वर्षाचीही नव्हती. आईने वाहून घेतलं त्या कामात ती वाढली, अमेरिकेत शिकून परत आली, शाळा चालवल्या, आईचा उजवा हात झाली आणि १९२१ साली, चाळिशीत, आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा थकल्या होत्या, कान केव्हाच गेले होते. वारस गेली. त्या काय म्हणाल्या असतील, देवापुढे रात्री किती भांडल्या असतील, याची मी फक्त कल्पना करू शकते. मला माहीत आहे ते एवढंच की त्या पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, भाषांतराकडे परत गेल्या. खेड्यातल्या साध्या बाईला वाचून कळेल असं मराठी शास्त्र हवं म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून हे काम हाती घेतलं होतं. छपाई केडगावातच, छपाईचे खिळे जुळवणाऱ्या मुक्तिसदनातल्याच बायका, दुष्काळातून उचलून आणलेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण शास्त्र छापून बाहेर आलं १९२४ साली.

रायचूर आणि केडगाव यांच्यात काहीच धागा नाही, असं मी म्हणत नाही. धागा आहे, फक्त त्याची दिशा उलटी आहे. देवाने केडगावसाठी रायचूर घडवलं नाही. रायचूर घडलं, पावसाच्या अवकृपेने आणि माणसांच्या निष्ठुरपणाने. आणि मग देवाच्या आत्म्याने आणि एका बाईच्या होकाराने त्या राखेतून केडगाव उभं केलं. हा होकार फार महत्त्वाचा. तेच दुःख माणसाला कडवट करू शकतं, सगळ्या जगाचा सूड घ्यायला लावू शकतं; तसं झालं असतं तरी रमाबाईंना दोष देण्याची माझी हिंमत झाली नसती. त्या दुष्काळी मुलखात गेल्या तेव्हा स्वतःच्या आईबापांच्या भुकेच्या आठवणी त्यांच्यासोबत होत्या, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. उपाशी पोराच्या डोळ्यांत काय असतं हे त्यांना वाचून कळलेलं नव्हतं.

पुनरुत्थित प्रभू संशयी शिष्य थोमाला दिसला तेव्हा त्याच्या हातांत खिळ्यांचे वण तसेच होते. देवाला ते पुसता आले नसते का? मरण पुसलं, वण ठेवले. मला त्या वणांचा फार आधार वाटतो. म्हणजे बरं होणं म्हणजे काही झालंच नव्हतं असं होणं नव्हे. वण राहणार, आणि संशयाने ग्रासलेल्या कुणाला तरी बोट ठेवायला तीच जागा उपयोगी पडणार.

पण आईच्या आजाराचं काय फळ निघालं, असं मला कुणी विचारलं तर मी उत्तर देणार नाही. तिच्या मागे केडगाव उभं राहिलं नाही. ती अंथरुणात पडून राहिली, झिजली आणि गेली. मी तिच्या सेवेत चिडले, रडले, कधी कधी तिच्या शेजारी पडून हसलेही. त्या काळात देव मला भेटला का? भेटला. आमच्या भगिनी मंडळातल्या एक वयस्क बाई आहेत, सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्या रात्री जेवण उरकून स्वतःची चादर घेऊन यायच्या. "जा, झोप तू," एवढंच म्हणायच्या. आईची कूस बदलायच्या, पाठीला पावडर लावायच्या, भांडं धुवून ठेवायच्या. सकाळी चहा घेऊन जायच्या. त्यांनी मला एकदाही अर्थ सांगितला नाही, एकही वचन ऐकवलं नाही. मी त्यांच्यामुळे विश्वासात टिकले, हे मी देवासमोर सांगू शकते.

यंदा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) ३ एप्रिलला आहे आणि ईस्टर ५ एप्रिलला, नेमका रमाबाईंच्या स्मृतिदिनी. बारा ते तीनच्या उपासनेत आमच्याकडे वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. चौथा उद्गार, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?', आजवर पाळकसाहेबच घेत आले. कठीण आहे म्हणून दुसरं कुणी हात लावत नाही. या वर्षी मी तो मागून घेतला. मला दहा मिनिटं मिळतील. हा प्रश्न प्रभूने बाविसाव्या स्तोत्रातून उचलला, म्हणजे त्याच्या आधीही कुणीतरी हेच ओरडलं होतं, हे सांगेन. त्याला वधस्तंभावर उत्तर मिळालं नाही, हेही सांगेन, आणि पुढच्या दोन दिवसांची घाई करणार नाही. देवाचा पुत्र जर 'का' विचारत मेला, तर आमच्यातल्या कुणी रात्री उठून 'का' विचारलं तर तो अविश्वास होत नाही, हे मात्र नक्की सांगेन. मग थांबेन.

उपासना सुटल्यावर दाराशी टेबलावर एक वही ठेवायची असं मावशींनी आणि मी ठरवलं आहे. सध्या मंडळीत अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत अशी पाच घरं आहेत. प्रत्येक घरापुढे आठवड्याच्या सात रात्री लिहिल्या आहेत. ज्याला जमेल त्याने एका रात्रीपुढे नाव लिहायचं. बायकांची नावं मिळतील, पण पुरुष आजाऱ्यांना उचलायला पुरुष लागतात आणि ते अजून फार कमी आहेत. मंगळवार आणि शनिवारच्या रात्रींना तर अजून कुणीच नाही.